तेलगावला न पोचलेले बँड

‘काका, लिंकिन पार्क झालं, मेटॅलिका झालं. आता काय ऐकू?’ गावातली कॉलेजची पोरं हल्ली असं विचारतात आणि माझं उत्तर ठरलेलं असतं: आता आपलं मुंबई-पुण्याचं ऐक. पोरं हसतात. इथला रॉक म्हणजे ‘रॉक ऑन’ सिनेमा, एवढंच त्यांच्या कानावर आलेलं असतं. त्यात त्यांचा दोष नाही. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत महाराष्ट्रात चांगले बँड झाले, गाजले, मोडले, काही पुन्हा उभे राहिले. माजलगाव, परळी, धारूर, बीड अशा चारी बाजूंच्या गाड्या तेलगावच्या चौकात थांबतात. हे बँड मात्र कुठल्याच बाजूनं आले नाहीत.

सुरुवात सिगारेटच्या जाहिरातीतून झाली. इम्पीरियल टोबॅको कंपनीनं आपल्या ‘सिमला’ सिगारेटसाठी ‘सिमला बीट’ नावाची बँडची स्पर्धा भरवली. देशभरातून पोरं मुंबईत यायची. १९७० आणि १९७१ या दोन वर्षांच्या स्पर्धांच्या तबकड्याही निघाल्या. त्या आज ऐकल्या तर बरंचसं उसनं वाटतं, पण मधूनच एखादी गिटार अशी काही वाजते की मान वर होते. १९७१ सालीच लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा रॉकचा मेळा भरला. पुढच्या वर्षी लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या छोट्याशा क्लबात वाजवून गेले. त्यांनी इथल्या वादकांना घेऊन केलेलं ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. मराठवाडा त्या १९७२ मध्ये दुष्काळी कामांवर खडी फोडत होता. त्यामुळे कुलाब्यात कोण वाजवून गेलं याची खबर इकडे आली नाही, याचं मला नवल वाटत नाही.

त्या काळातला एक माणूस मात्र मराठी घराघरात पोचायला हवा होता. नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा. म्हणजे मराठी नाटक घरातच. हा पोरगा ‘सॅव्हेजेस’, ‘वेल्वेट फॉग’ अशा मुंबईच्या बँडमधून इंग्रजी रॉक गायचा. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यानं जुडास केला. आणि मग आलं १९७८ साल. पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून लिहिलेलं, जब्बार पटेलांनी बसवलेलं ‘तीन पैशाचा तमाशा’ थिएटर अकॅडमीनं रंगमंचावर आणलं आणि त्यात नंदू भेंडे गायला. लावणी, नाट्यगीत आणि रॉक एकाच नाटकात, तेही मराठीत. (ज्यांच्या नावानं आमचा साखर कारखाना आहे ते सुंदरराव सोळंके त्याच वर्षी उपमुख्यमंत्री झाले; गावात ते साल विचाराल तर लोक हेच सांगतील.) माझ्या मते मराठी रॉकची खरी वाट तिथंच फुटली होती. त्या वाटेनं पुढं कुणी गेलंच नाही. नंदू भेंडे यांना लोकांनी पाठ केलं ते ‘डिस्को डान्सर’मधल्या आवाजानं, आणि २०१४ मध्ये ते गेले तेव्हा तेलगावातल्या कुणाला मी ते नाव सांगितलं असतं तर ‘कोण?’ असंच विचारलं असतं.

नंदू भेंडे ज्यांच्याबरोबर गायले त्यांपैकी एक बँड ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’. त्यांची ‘ऑब्सेशन ७७’ ही एकमेव तबकडी इथं कुणी फारशी विचारली नाही. पुढे अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन’ कंपनीनं ती पुन्हा काढली, तेव्हा परदेशातले शौकीन तिच्या मागे लागले. शीर्षकगीत तेवढं ऐका. ढोलकीच्या अंगानं चालणारा ठेका नाही, पण अंगात येणं म्हणतात ते त्यात आहे.

दुसऱ्या भाषांत मात्र रॉक रुजला. १९७५ मध्ये कोलकात्यात ‘मोहिनेर घोडागुली’ हा बँड उभा राहिला आणि बंगाली रॉकची परंपराच सुरू झाली. केरळात ‘अवियल’नं २००८ च्या अल्बममध्ये मल्याळम लोकगीतांना गिटार जोडली. आपल्याकडे मुंबईच्या बँडमध्ये मराठी आडनावं होती, पण गाणी इंग्रजी. मला वाटतं, गिटार घेऊन बसणारी पोरं कॉन्व्हेंटची आणि मराठी चाली बांधणारी पोरं एकांकिकांची, अशी इथं सरळ वाटणी होऊन गेली. नंदू भेंड्यांसारखा दोन्हीकडचा माणूस विरळाच.

ऐंशीच्या दशकातलं ‘रॉक मशीन’ हे या सगळ्यातलं सगळ्यात मोठं नाव. १९८४ मध्ये मुंबईत सुरुवात, १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’, १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. त्या काळी बहुतेक बँड परदेशी गाणी वाजवून टाळ्या घ्यायचे. यांनी स्वतःची गाणी रेटून वाजवली. माझ्या हाती त्यांची कॅसेट आली ती औरंगाबादच्या होस्टेलवर, तीही कुणीतरी कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेली. दुकानदाराला यादी द्यायची, पैसे मोजायचे आणि आठवड्यानं कॅसेट घ्यायची, अशी तेव्हाची रीत. माझ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला प्रल्हाद शिंदे होते. १९९३ मध्ये बँडनं नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला. सुरुवात करणाऱ्यानं तिथूनच करावी. पहिल्या अल्बममध्ये परदेशाकडे बघून वाजवणं जाणवतं, या अल्बममध्ये हात मोकळा झालेला आहे. नंतर बँड मोडला, २०१० मध्ये पुन्हा जमला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ काढला. तोही चांगला आहे, जरा शांतपणे ऐकावा लागतो.

मुंबईतल्या रॉकचं ठाणं होतं धोबी तलावाजवळचं रंगभवन. उघड्यावरचा मंच, शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज. १९८६ पासून फरहाद वाडिया तिथं ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरवायचे आणि अनोळखी बँडना तिथं हजारो माणसं मिळायची. पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले आणि रंगभवन मुकं झालं. त्याच्या बरंच आधी, १९९३ मध्ये, अमित सैगल यांनी थेट अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक सुरू केलं. मला त्याचं फार अप्रूप. देशभरच्या रॉकची खबर दिल्ली-मुंबईनं नाही, गंगेकाठच्या गावानं ठेवली. बीडहून असं मासिक का निघू नये, असा विचार तेव्हा डोक्यात येऊन गेला होता. तो विचारच राहिला.

पुढचं झपाट्यानं सांगतो. विशाल ददलानीचं हिंदी सिनेमातलं नाव सगळ्यांना ठाऊक, पण १९९४ पासूनचा त्याचा ‘पेंटाग्राम’ ऐकलेली माणसं कमी. ‘झिरो’ हा मुंबईचा बँड मोडला आणि त्यातला गिटारवाला वॉरन मेंडोन्सा ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ नावानं वाजवू लागला. इंग्रजीचा धसका असलेल्या पोरांना मी हाच आधी ऐकवतो, कारण बहुतेक ठिकाणी शब्दच नाहीत, नुसती गिटार. २०१७ चा ‘द लास्ट अ‍ॅनालॉग जनरेशन’ रात्री शेताला पाणी देताना ऐकून बघा. ज्यांना दणका हवा त्यांनी ‘डेमॉनिक रिझरेक्शन’चा ‘दशावतार’ घ्यावा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेक अवतार घेऊन मेटल वाजवलंय. आईसमोर लावू नका एवढंच.

‘हे आपल्या कानाला झेपत नाही’ असं म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न असतो: लग्नाच्या वरातीत बेंजोपुढं नाचलात ना? बेंजो पार्टीची ती गाडी आठवा. पेटीएवढा बेंजो, त्याला पिकअप लावलेला, तिथून वायर अँपला आणि अँपवरून भोंग्याला. आवाज इतका चढवलेला की तार फाटून ओरडते, आणि वाजवणारा डाव्या हातानं बटणं दाबत तिला खेचत नेतो. बाजूला पॅडवाला. विजेवर चढवलेली, मुद्दाम फाडलेली तार म्हणजेच रॉकची गिटार. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला. तो चालला नाही, पण त्यातली खूण बरोबर होती. मराठवाड्याचा कान या आवाजाला केव्हाच तयार झालाय.

मराठीत म्हणाल तर अलीकडे दोन नावं मी हमखास सुचवतो. एक ‘अभंग रिपोस्ट’. मुंबईची पोरं, संतांचे अभंग आणि सोबत बेस, गिटार, ड्रम. काही ठिकाणी गिटार नुसती सजावट होते, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगेन. बीड जिल्ह्यात गावोगाव सप्ते होतात, इथल्या माणसाला चाल कुठं ढिली पडली ते लगेच कळतं. पण जिथं टाळ आणि ड्रम एकमेकांना भिडतात तिथं मात्र वारकरीही मान डोलावतो; मी डोलावताना पाहिलाय. दुसरं नाव कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्ज’चं. बुद्ध-आंबेडकरांचा विचार त्यांनी रॉकमध्ये आणला. भीमगीतांवर वाढलेल्या मराठवाड्याला त्यांची ओळख करून द्यायची गरजच पडू नये, पण पडते.

एवढी नावं घेतली, त्यात मराठवाड्याचं एकही नाही, हे मला सलतं. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पाश्चात्त्य समूहगानाचा प्रकार असतो. परभणी, नांदेड, अंबाजोगाईची पोरं त्यासाठी गिटार शिकायची, स्वतःची गाणीही बांधायची. ती कुठं छापून आली नाहीत, तबकडीवर तर नाहीतच. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत त्या काळची कॅसेट पडली असेल तर ती फेकू नका. फितीला बुरशी धरायच्या आत ती मोबाइलवर उतरवून घ्या, बँडचं नाव आणि साल लिहून ठेवा आणि दोन जणांना पाठवा.