शेतमालाची परदेशवारी – भाग ७ : फी तपासणीची, पास होण्याची नव्हे

मागच्या भागात आपण निर्यातक्षम बागेची नोंदणी कशी होते ते पाहिलं. सातबारा, बागेचा नकाशा, फवारणीची वही, कृषी अधिकाऱ्याची भेट हे टप्पे ओलांडले की पुढे प्रत्येक ठिकाणी पैसे मोजावे लागतात. अनेक बागायतदार हा सगळा खर्च 'सरकारी खर्च' अशा एकाच खात्यात टाकतात आणि हंगामाच्या शेवटी त्या आकड्याकडे पाहून कपाळाला हात लावतात. म्हणून या आठवड्यात हे खातं उलगडून पाहू. कोणता पैसा कोणाकडे जातो, कशासाठी जातो आणि त्या बदल्यात आपल्याला काय मागता येतं?

नाशिकहून नेदरलँड्सला जाणाऱ्या द्राक्षांच्या कंटेनरचं उदाहरण घेऊ. पहिला पैसा बाग नोंदणीचा. तो नाममात्र असतो. दुसरा प्रयोगशाळेचा. द्राक्षात कीडनाशकांचे उर्वरित अंश, म्हणजे आपल्या बोलीतलं 'रेसिड्यू', किती आहेत ते तपासण्याचा हा खर्च असतो आणि एकूण तपासणीखर्चात त्याचाच वाटा मोठा. तिसरा प्रतवारीच्या ॲगमार्क प्रमाणपत्राचा. चौथा फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राचा. त्याला सगळे नुसतं 'फायटो' म्हणतात. या मालावर परदेशाला नको असलेली कीड किंवा रोग नाही, असं आपलं सरकार त्या देशाच्या सरकारला या कागदावर लिहून देतं. शिवाय पॅकहाऊसला 'अपेडा' या केंद्राच्या कृषी निर्यात विकास प्राधिकरणाची मान्यता लागते. ते पैसे पॅकहाऊसवाला भरतो, पण दर ठरवताना ते आपल्याकडूनच वसूल होतात. शीतगृहाचं भाडं आणि क्लिअरिंग एजंटचं बिल मात्र सरकारी फी नव्हे. ते वेगळं काढल्याशिवाय हिशेब लागत नाही.

आता ही फी म्हणजे कर आहे का? नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९५४ सालच्या शिरूर मठ प्रकरणात हा फरक स्पष्ट केला. कर हा सार्वजनिक गरजेसाठी घेतला जातो, त्याच्या बदल्यात विशिष्ट सेवा मिळेलच असं नाही. फी मात्र सेवेच्या बदल्यात घेतली जाते. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू असलेल्या वनस्पती व प्राणी आरोग्यविषयक करारात याच विचाराचं आंतरराष्ट्रीय रूप आहे. आयात मालाच्या तपासणीची फी प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त असू नये आणि देशी मालाला एक न्याय, परदेशी मालाला दुसरा असंही होऊ नये, असं तो करार सांगतो. तपासणीच्या टेबलावर तिजोरी भरण्याची मुभा कोणत्याच सरकारला नाही.

मग सेवा कोणती? इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. पैसे भरले म्हणजे प्रमाणपत्र मिळायलाच हवं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपण पैसे मोजतो ते तपासणीसाठी. माल नापास झाला तरी सेवा पूर्ण झालेली असते.

द्राक्षाचा नमुना कसा घेतात ते पाहिलं की हे लक्षात येतं. बागायतदारानं स्वतः तोडून नेलेले घड प्रयोगशाळा स्वीकारत नाही. प्रयोगशाळेचा अधिकृत माणूस बागेत येतो. बांधाजवळच्या चार वेली बघून तो परत जात नाही, बागभर फिरून वेगवेगळ्या ओळींतले घड काढतो. नमुना बंद करून त्यावर बागेचा नोंदणी क्रमांक घालतो. नमुन्याचा एक भाग तपासला जातो, दुसरा वाद उद्भवला तर हाताशी असावा म्हणून राखून ठेवतात. रिपोर्ट फेल आला, तर ती माहिती 'ग्रेपनेट' या द्राक्ष निर्यातीच्या ऑनलाइन नोंद यंत्रणेतून मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या संदर्भ प्रयोगशाळेपर्यंत जाते आणि त्या बागेचा माल युरोपसाठी थांबतो. पुन्हा नमुना, पुन्हा फी. बागायतदाराला हे फार जाचतं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण प्रयोगशाळेनं 'चालवून घेतलं' असतं, तर तोच घड रॉटरडॅमला पकडला गेला असता. तिथे फेल होतो तो कंटेनर, आणि त्याच्यासोबत देशाचं नाव.

फळांच्या पॅकहाऊसमध्येही हेच. प्रखर दिव्याखाली टेबलावर आंबे मांडलेले असतात. निरीक्षक देठाजवळची जागा भिंगातून बघतो, सालीवर सुईच्या टोकाएवढा डाग दिसला की ते फळ बाजूला काढतो, सुरीनं कापतो आणि गरात फळमाशीची पिवळट अळी आहे का ते पाहतो. निर्यातीची अख्खी साखळी त्या एका कापलेल्या आंब्यावर उभी असते. त्या माणसाला पुरेसा वेळ, चांगला उजेड आणि 'नाही' म्हणण्याची मोकळीक मिळावी, यासाठी आपली फी असते.

ही मोकळीक नसली की काय होतं, ते २०१४ साली आपण भोगलं. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं आणि भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये युरोपला कीड सापडली होती. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं आंबा, कारलं, पडवळ, वांगं आणि अळू यांच्या आयातीवर बंदी घातली. ऐन हापूसच्या हंगामात कोकणातल्या बागायतदाराला दार बंद झालं. ज्यांचा माल स्वच्छ होता तेही त्यात भरडले गेले. पॅकहाऊसमधली तपासणी आणि प्रक्रिया कडक केल्याचं पटल्यावर २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. सैल तपासणीचं बिल शेवटी सगळ्यांच्या नावावर फाटतं.

प्रामाणिक तपासणीही अपुरी पडू शकते, हे २०१० च्या द्राक्ष हंगामानं शिकवलं. उन्हाळी खरड छाटणीनंतर शेंडावाढ आवरण्यासाठी बागायतदार सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वापरत. तेव्हाच्या तपासणीच्या यादीत हे संजीवक नव्हतं. फी भरली, चाचणी झाली, रिपोर्ट पासही आला. युरोपातल्या प्रयोगशाळांनी मात्र ते शोधलं आणि माल नाकारला. तेव्हा फीमधून प्रयोगशाळेचं यंत्र आणि मनुष्यबळ तर चाललंच पाहिजे, पण खरेदीदार देशाचे नियम बदलले की दर हंगामाआधी यादी बदलण्याचं कामही त्यातूनच झालं पाहिजे.

तिसरा धडा अगदी अलीकडचा. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर विकिरण प्रक्रिया सक्तीची आहे. मे २०२५ मध्ये नवी मुंबईच्या केंद्रात प्रक्रिया झालेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकी विमानतळांवर अडवल्या गेल्या. आक्षेप होता 'पीपीक्यू २०३' या प्रक्रियेच्या कागदावर. तो रीतसर नसल्याचं अमेरिकी अधिकाऱ्यांनी सांगितलं. माल परत आणा किंवा नष्ट करा, असे दोनच पर्याय होते, आणि नाशवंत फळ परत आणायला परवडत नाही. आंबा नष्ट करावा लागला. निर्यातदारांनी नुकसानीचा अंदाज सुमारे पाच लाख डॉलर सांगितला. प्रक्रियेचे पैसे त्यांनी आधीच मोजले होते. सेवेत कागदही येतो. फी घेणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी तो कागद अचूक निघेपर्यंत संपत नाही.

आता वळू सगळ्यात दुखऱ्या जागेकडे. हा भार कोणावर किती पडतो? प्रयोगशाळेचा खर्च बागेगणिक असतो, किलोगणिक नाही. हिशेबापुरतं धरू की एका बागेच्या चाचणीला १२ हजार रुपये लागले. १२ टन माल देणाऱ्या बागेला किलोमागे एक रुपया पडला. चार टन देणाऱ्या छोट्या बागेला तीन रुपये. काम तेवढंच, यंत्र तेच. तरी लहान शेतकऱ्याच्या पदरात तिप्पट भार. हा प्रश्न आपल्याकडेच आहे असंही नाही. ब्रिटननं एप्रिल २०२४ पासून डोव्हर आणि चॅनल बोगद्यामार्गे येणाऱ्या वनस्पती व प्राणिजन्य मालावर सीमेवरच्या तपासणीचं शुल्क लावलं. कमी जोखमीच्या वस्तूला प्रत्येक नोंदीमागे १० पौंड, मध्यम व जास्त जोखमीला २९ पौंड, आणि एका खेपेला जास्तीत जास्त १४५ पौंड. ट्रकभर माल आणणाऱ्याला हा आकडा जाणवतही नाही. थोडीथोडी रोपं आणणाऱ्या छोट्या रोपवाटिकावाल्याचा नफाच त्यात जातो. तिथल्या छोट्या व्यावसायिकांनी हीच तक्रार केली.

यावर उपाय आहे. शेतकरी उत्पादक कंपनीनं गावातल्या बागांचं वेळापत्रक एकत्र बांधावं आणि प्रयोगशाळेशी एकत्रित दर ठरवावा. लहान क्षेत्राच्या पहिल्या चाचणीला सरकारनं अनुदान द्यावं. आणि फेरतपासणीची फी मात्र पूर्ण घ्यावी, म्हणजे काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळण्याची शिस्त टिकेल.

दुसरी बाजूही पाहायला हवी. निर्यातीच्या तपासणीचा फायदा निर्यातदाराला होतो, म्हणून खर्च त्याच्याकडून घेणं न्याय्य आहे. पण बाहेरची कीड देशात येऊ न देण्याचा फायदा शिवारातल्या प्रत्येकाला होतो. परदेशी कापसाच्या गाठींबरोबर बोंडावरचा मेक्सिकन भुंगा येऊ नये म्हणून १९०६ साली त्या गाठींना धुरी देणं सक्तीचं झालं आणि १९१४ साली विध्वंसक कीड कायदा आला. २००८ साली कोइमतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण सापडला आणि पुढे तो पुणे भागातही पोहोचला. शेवटी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून परोपजीवी मित्रकीटक आणून त्याला आवर घालावा लागला. अशा पहाऱ्याचा सगळा भार फीवर टाकणं चूक ठरेल. निरोगी रोपांसाठी केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५ कोटींची योजना मंजूर केली. महाराष्ट्रात द्राक्षासाठी पुणे, संत्र्यासाठी नागपूर आणि डाळिंबासाठी सोलापूर अशी केंद्रं त्यात आहेत. हा पैसा सार्वजनिकच असायला हवा.

तेव्हा या हंगामात चार गोष्टी करा. एजंटच्या बिलात सरकारी फी आणि त्याची मजुरी वेगळी लिहून मागा, सरकारी भरण्याची पावती सोबत घ्या. नमुना घेताना स्वतः बागेत हजर राहा. रिपोर्टमध्ये कोणती रसायनं तपासली ती यादी वाचा, शेवटची 'पास' ओळ तेवढी पाहू नका. फायटोवरचं पिकाचं नाव, वजन, खोक्यांची संख्या आणि प्रक्रियेचा तपशील माल निघण्याआधी स्वतः ताडून पाहा. आणि कोणी जास्तीचे पैसे घेऊन न बघताच सही देऊ केली, तर ती नाकारा. ती सही परदेशातल्या भिंगाखाली टिकत नाही आणि तिची किंमत शेजारच्या बागायतदारालाही मोजावी लागते.

पुढच्या भागात : रिपोर्ट फेल आला तर काय करायचं? फेरनमुना, दाद मागण्याची पद्धत आणि त्या मालाला देशातली बाजारपेठ.