आमदाराच्या हातात काय असते?

आमदाराच्या भेटीला निघालेल्या माणसाच्या खिशात जे निवेदन असते, त्यातले काम बरेचदा आमदाराच्या अखत्यारीत येतच नाही. आणि जे काम फक्त आमदारच करू शकतो, त्याचे निवेदन घेऊन सहसा कुणी जात नाही.

परभणी आणि पूर्णा या दोन जंक्शनांच्या मधल्या पिंगळीचेच उदाहरण घ्या. समजा, गावाला एखाद्या एक्स्प्रेसचा थांबा हवा आहे. निवेदन टाइप होते, सह्या होतात, आमदारांच्या हाती कागद दिल्याचा फोटो संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. पण रेल्वे हा केंद्राचा विषय. पिंगळी स्टेशन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते आणि त्याबद्दल हक्काने जाब विचारायची जागा खासदाराची. आमदार पत्र देईल, त्याला कुणाची मनाई नाही. रेल्वेवर मात्र ते बंधनकारक नाही.

त्याआधी एक साधी गोष्ट. तालुका एक म्हणजे आमदार एक, असे परभणी तालुक्यात नाही. जिल्ह्यात जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पाथरी असे चार विधानसभा मतदारसंघ आहेत आणि परभणी तालुक्याची काही गावे परभणी मतदारसंघात तर काही पाथरीत मोडतात. शेजारच्या गावचा आमदार तोच आपलाही, हे गृहीत धरू नये. मतदार यादी पाहून मग गाडी काढावी.

‘साहेबांनी गावासाठी पाच लाख दिले’

आमदार स्थानिक विकास निधी सध्या वर्षाला ५ कोटी रुपये आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तो ४ कोटींवरून वाढला. हे पैसे आमदाराच्या खात्यात कधीच येत नाहीत. आमदार काम सुचवतो, जिल्हाधिकारी नियोजन शाखेमार्फत ते तपासून प्रशासकीय मान्यता देतात आणि पैसा काम करणाऱ्या यंत्रणेकडे जातो. सभामंडपाच्या पाटीवर नाव आमदाराचे असते, पैसा करदात्याचा. मतदारसंघात शंभर गावे आणि एक शहर धरले, तरी गावाच्या वाट्याला वर्षाला पाच लाखसुद्धा येत नाहीत. तेवढ्यात सिमेंटचा रस्ता किती लांब होतो, ते कुठल्याही कंत्राटदाराला विचारा.

सरपंच मंडळींच्या तोंडी मात्र वेगळाच आकडा असतो: ‘पंचवीस-पंधरा’. म्हणजे २५१५ हे लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत सुविधांची कामे ग्रामविकास विभाग यातून मंजूर करतो. इथे आमदार फक्त यादी देतो, मंजुरीची सही मंत्रालयात होते. त्यामुळे सत्तेतल्या आमदाराची यादी लवकर हलते आणि विरोधकाची रेंगाळते, ही गावोगावची तक्रार अगदीच निराधार नाही. आमदार निधी सर्वांना सारखा असतो; या यादीचे तसे नाही.

यात ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसा विसरला जातो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतींना ठरलेला होता. त्यातून काय करायचे, ते ग्रामसभेने आराखड्यात ठरवायचे. त्या ग्रामसभेला वीस माणसे येत नाहीत आणि आमदारांच्या दौऱ्याला दोनशे येतात, तर गटारीचा प्रश्न आमदारांपर्यंत जाणारच. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर परभणी जिल्हा परिषदेवर काही वर्षे प्रशासक होता. गटातला सदस्यच नाही म्हटल्यावर शाळेच्या खोलीपासून पाणंद रस्त्यापर्यंत सगळा भार आमदारांच्या दारात येऊन पडला. सवय तिथूनही लागली.

दाखले, रेशनकार्ड, सातबारा यांसाठी तर शिफारसपत्राची गरजच नाही. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते, ती चुकली तर अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. साहेबांच्या पीएचा फोन गेला की काम होते, हे खरे. पण त्या फोनने रांगेत पुढे जातो तो एक माणूस. मागच्यांची रांग तेवढीच लांब राहते.

‘विरोधी पक्षाचा आमदार काय करणार?’

बरेच काही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाचे. ११ वेळा निवडून आले, दोनदा मंत्री झाले, बाकीची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. दुष्काळी तालुक्याला पाणी मिळावे यासाठी ते सभागृहात वर्षानुवर्षे बोलत राहिले. मंत्रिपद नसलेल्या आमदाराकडे तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी सूचना असते, कपात सूचना आणि अर्धा तास चर्चा असते. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्याला उभे राहून द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न येतात. तिथे ‘बघतो, करतो’ चालत नाही. चालले तरी ते छापले जाते. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला का, हे पाहायला आश्वासन समिती आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत हे दिसले. शहरातल्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, हिंसाचार झाला, धरपकड झाली आणि अटकेतल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्याच सुमारास, १६ ते २१ डिसेंबर, नागपूरचे अधिवेशन होते. प्रश्न सभागृहात आला, मुख्यमंत्र्यांना उत्तर द्यावे लागले आणि त्यांनी न्यायालयीन चौकशीची घोषणा तिथेच केली. रस्त्यावरचे आंदोलन आणि सभागृहातला प्रश्न एकत्र आले, तेव्हा हे घडले. अधिवेशन केवळ सहा दिवसांचे होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे. आमदार गावात दिसत नाही म्हणून रागावणारे लोक सभागृह इतके थोडे दिवस का चालते, हे विचारताना आढळत नाहीत.

परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये १०० जागांनी सुरू झाले. ते ‘अमक्यांनी आणले’ असे फलक लागलेच. वास्तविक त्यामागे परभणीकरांचे आंदोलन, लोकप्रतिनिधींचा पाठपुरावा, मंत्रिमंडळाचा निर्णय आणि केंद्रीय यंत्रणेची मान्यता अशी साखळी होती. एवढे मोठे काम एकट्या आमदाराने आणता येत नाही. तसेच, ते रखडले तर एकट्याला दोष देऊनही भागत नाही.

‘कायदा करणे हे मुंबईतल्या लोकांचे काम’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच.

पैठणच्या जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात येतो. टेलच्या शेतकऱ्याला आवर्तनाची तारीख हवी असते. कालवा सल्लागार समितीत आमदार बसतो, तिथे तो भांडू शकतो. पण धरणातच पाणी नसेल, तर कशाची पाळी आणि कशाचे भांडण? वर नाशिक-नगरची धरणे भरलेली आणि खाली जायकवाडी कोरडे, अशी वर्षे मराठवाड्याने पाहिली आहेत. त्यावरचा उपाय एका कायद्यातून आला. विधिमंडळाने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला, त्यात खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाचे कलम होते. त्याच्या आधारे प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश दिला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. २०२३ मध्ये वरच्या भागाचा विरोध असूनही पाणी सोडावे लागले, ते त्या कलमाच्या बळावर. ते कलम मंजूर होताना मराठवाड्यातला कोणता आमदार सभागृहात काय बोलला, हे आपण कधी शोधले आहे का?

रोजगार हमीचेही तेच. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास करून पाहिलेली कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याला तीच वाट दाखवणारी ठरली. किती सभामंडप बांधले तर एवढे काम होईल?

म्हणून आमदार गावात आले की हारतुऱ्यांनंतर दोन-तीन गोष्टी विचारायला हरकत नाही. गेल्या अधिवेशनात आमच्या भागाबद्दल कोणते प्रश्न लावले? उत्तर काय आले? आश्वासन मिळाले असेल, तर त्याचे पुढे काय झाले? प्रश्नोत्तरे आणि कामकाज विधानमंडळ प्रसिद्ध करते, त्यामुळे सांगितलेले पडताळून पाहता येते. शिवाय विधानमंडळात विनंती अर्ज समिती आहे. सार्वजनिक प्रश्नावर नागरिकांनी लिहिलेला अर्ज आमदारामार्फत सभागृहात सादर होतो आणि समिती तो तपासते. त्या अर्जावर आमदाराची सही लागते, आणि ती सही पूर्णपणे त्याच्या अखत्यारीतली आहे.