झीज आणि डागडुजी



गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले, “यंत्र जितके चालवावे तितके झिजते. मग श्रम केल्याने शरीर लवकर झिजत कसे नाही?” आम्ही पडलो भाषेचे शिक्षक! वेळ मारून नेणे सोपे होते. परंतु प्रश्न मनात घर करून राहिला. उमेदीतच राबून राबून मोडलेली माणसे आपण पाहतो, आणि ऐंशीव्या वर्षी विहिरीचे पाणी शेंदणारी आजीही पाहतो. दोन्ही खरे कसे?

यंत्राला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. देह ती अहोरात्र करीत असतो. झीज पुढे जाते व डागडुजी मागे पडते, तसतसे वार्धक्य जवळ येते.

ह्या डागडुजीचा एक धागा अपघातानेच हाती लागला. फेरुच्चो रितोस्सा हे इटालियन संशोधक फळमाशीच्या पेशींतील गुणसूत्रे तपासत होते. कोणा सहकाऱ्याच्या हातून उबवणी-पेटीचे तपमान वाढले, आणि गुणसूत्रांवर एरवी न दिसणारे फुगवटे दिसू लागले. हा शोध १९६२ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्याचा उलगडा झाला तो असा. प्रथिने म्हणजे विशिष्ट घडी घातलेले लांब धागे होत. उष्णतेने त्यांची घडी विस्कटते व गुंता होतो. तसे होताच पेशी काही खास प्रथिने भराभर तयार करते. ही प्रथिने विस्कटलेल्या धाग्यांची घडी पुन्हा बसवितात, आणि जे सुधारण्यापलीकडे गेले त्यांची विल्हेवाट लावण्यास हातभार लावतात. गंमत अशी की, उष्णता ओसरली तरी ही मंडळी लगेच निघून जात नाहीत. घर शाकारावयास आलेल्या गड्याने जाता जाता मोडके कुंपणही नीट करावे, तसा जुना बिघाडही त्यांच्या हातून सुधारला जातो.

१९९५ साली गॉर्डन लिथगो व त्यांचे सहकारी ह्यांनी सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीवर ह्याची परीक्षा पाहिली. हा जीव जेमतेम दोन-तीन आठवडे जगणारा. त्याला सोसेल इतकाच उष्णतेचा चटका दिला, तर पुढची अधिक उष्णता तो सहन करू लागला. शिवाय त्याचे आयुष्यही थोडे वाढले. चटका लांबला तर मात्र तो मरतो.

श्रमाचेही असेच दिसते. व्यायाम करताना पेशींत प्राणवायूपासून काही उपद्रवी द्रव्ये निर्माण होतात. क आणि ई ही जीवनसत्त्वे त्यांना निष्प्रभ करतात. म्हणून त्यांच्या गोळ्या हितकर असाव्यात, असे कोणालाही वाटेल. जर्मनीत मिखाएल रिस्टो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करवून घेतला व निम्म्यांना ह्या गोळ्या दिल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलटाच होता! गोळ्या न घेणाऱ्यांच्या शरीरात इन्शुलिनचे कार्य सुधारले. घेणाऱ्यांच्या शरीरात ती सुधारणा झाली नाही. ज्याला उपद्रव समजत होते, तोच डागडुजीला हाक देत होता. पुढील सर्वच प्रयोगांत असे आढळले नाही, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला आमचे उत्तर असे : आजीच्या श्रमांनंतर विसावा होता, डागडुजीला सवड होती. राबून मोडलेल्या माणसाला ती मिळालीच नाही.

आता उपासाविषयी. १९३५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके ह्यांनी उंदरांच्या आहारातील उष्मांक घटविले, आणि ते उंदीर, विशेषतः नर, इतरांहून बरेच अधिक जगले. हे वाचून कोणी उद्या सकाळची पेज टाळून शाळेत येईल, म्हणून उरलेलेही सांगतो. त्या उंदरांना जीवनसत्त्वे व क्षार पुरेपूर मिळत होते. गरिबाघरच्या उपासमारीत नेमके तेच मिळत नाही. तिला तप म्हणणे ही क्रूर थट्टा होय. माणसाचे आयुष्य अशा उपायांनी वाढते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. शिवाय मॅके ह्यांनी हा आहार उंदीर लहान असतानाच सुरू केला होता, आणि ते उंदीर अंगाने खुजेच राहिले.