थरथरता गज आणि उसनी गोळी

सेझार फ्रँकचा १८८६ सालचा व्हायोलिन-पियानो सोनाटा नवोदितांच्या छोट्या मैफलींत वरचेवर ऐकायला मिळतो. पियानोच्या मोजक्या स्वरांनंतर व्हायोलिन अगदी हळुवार सुरू होतं. खरी परीक्षा इथेच असते. जलद स्वरांत हाताची थरथर लपून जाते. संथ, लांब स्वरांत नाही. त्यात श्रोते पाच-सहा फुटांवर! भीतीने अ‍ॅड्रिनलिन वाढतं, नाडी धावते, गज थरथरतो. पियानोवाल्याची बोटं गार पडतात ती वेगळीच.

यावर कलाकारांत एक तोडगा चालतो : प्रोप्रॅनोलॉल. रक्तदाब, हृदयविकारासाठीचं हे औषध अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम अडवतं. थरथर कमी होते. मनातली धास्ती मात्र राहू शकते. औषध उपयोगी आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मित्राने दिलेली गोळी विंगेत गिळणं हा निव्वळ वेडेपणा. दमा असेल तर याच गोळीने श्वासनलिका आवळून जिवावर बेतू शकतं. नाडी मुळात मंद असेल तर चक्कर येते. लहानपणीचा, ‘आता बरा झालेला’ दमाही डॉक्टरांना सांगावा. गोळी दिलीच, तर पहिली तालमीच्या दिवशी घ्यावी, कार्यक्रमाच्या नव्हे. आणि त्याआधी घरच्या चार माणसांसमोर तोच सोनाटा आठ-दहा वेळा वाजवून पाहावा.