जुना लॅपटॉप आणि परक्याचें कुलूप

उन्हाळ्याची सुटी सरत आली आणि महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले, कीं घरोघरीं लॅपटॉपचा विषय निघतो. नव्या यंत्राची किंमत पेलत नाहीं, म्हणून सोलापुरांतील मध्यम स्थितीचा गृहस्थ नवी पेठेंत वापरलेल्या यंत्राची चौकशी करूं लागतो. यांत कमीपणा कांहींच नाहीं. मोठ्या कचेऱ्या कांहीं वर्षांनीं आपले लॅपटॉप एकगठ्ठा विकून टाकतात, व त्यांतले पुष्कळ चांगले भक्कम असतात. परंतु घरीं आणलेलें यंत्र चालूं करावें, आणि पडद्यावर परवलीचा शब्द मागणारी चौकट उभी राहावी, असाही प्रसंग या खरेदींत येतो. त्याविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहीत आहों.

हें कुलूप बायॉसचें. बायॉस म्हणजे यंत्र जागें होतांच सर्वांआधीं चालणारी, मदरबोर्डवरील चिपेंत साठविलेली लहानशी आज्ञावली. विंडोज तिच्यामागून येतें. म्हणून विंडोज पुन्हा घातल्यानें अथवा हार्ड डिस्क बदलल्यानें हें कुलूप निघत नाहीं. त्याचे प्रकार मुख्यतः दोन. पहिला यंत्र सुरूच होऊं देत नाहीं. दुसरा, पर्यवेक्षकाचा, अधिक फसवा. यंत्र नित्याप्रमाणें चालतें, मात्र बायॉसमधील मांडणी बदलूं जातांच वाट अडते.

१९८४ सालीं आयबीएमनें काढलेल्या पीसी-एटीमध्यें ही मांडणी लहान बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतींत ठेवलेली असे. त्या धर्तीच्या टेबलावरील जुन्या संगणकांत परवलीचा शब्दही बहुधा तेथेंच राही, आणि बॅटरी काढली कीं तो पुसला जाई. तोच उपाय लोक अजून सांगतात. परंतु अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपांत हा शब्द विजेवांचून टिकणाऱ्या चिपेंत असतो. बॅटरी काढून फार तर घड्याळ चुकतें. लेनोव्होच्या थिंकपॅडविषयीं तर कंपनीच सांगते कीं, पर्यवेक्षकाचा शब्द विसरल्यास मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि त्यासाठीं खरेदीची पावती दाखवावी लागेल.

पावती कशासाठीं? चोरलेलें यंत्र चोराच्या उपयोगीं पडूं नये म्हणून. कचेरीनें विकतांना शब्द काढण्याचें राहून गेलें असेल, किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या खोलींतून ती वस्तु उचलली गेली असेल. बाहेरून दोन्ही यंत्रें सारखींच दिसतात. १९३० च्या मालविक्री कायद्याचा सामान्य नियम असा कीं, विकणाऱ्याची मालकी जेवढी, तेवढीच घेणाऱ्यास मिळते. माल चोरीचा आहे असें मानण्यास कारण असतांही अप्रामाणिकपणें तो ठेवून घेणें हा भारतीय न्याय संहिता, २०२३, हिच्या कलम ३१७ प्रमाणें गुन्हा आहे. चिपेंतील मजकूर बदलून देणारे कारागीर भेटतात. त्यांच्या हातानें कुलूप निघेल, पण मालकी कोणाची हा प्रश्न उरतोच.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं दुकानांतच यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावें. कंपनीप्रमाणें एफ-२, एफ-१० किंवा डिलीट ही कळ दाबून बायॉसमध्यें शिरावें, आणि तेथील एखादी गोष्ट बदलतां येते कीं नाहीं हें पाहावें. शब्द मागितला गेला, तर यंत्र खालीं ठेवावें. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहवून घ्यावा, व तो बायॉसमधील आंकड्याशीं ताडून पाहावा. खरेदी आधींच झाली असेल, तर दुकानदाराकडेच परत जावें. ज्या कचेरींतून माल आला तिच्याकडून तो शब्द मागवूं शकतो. टाळाटाळ केली, तर पैसे परत मागावेत. आपलें जुनें यंत्र विकणाऱ्यांनींही स्वतःचा शब्द आधीं काढून टाकावा.

दोन-तीन हजार रुपये वांचले म्हणून पावतीचा आग्रह सोडूं नये. ज्या यंत्रावर आपलीं मुलें विद्या शिकणार, तें सचोटीनें घरांत आलेलें असावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.