मोटरहोमच्या मागे बुलेट लावताना

उन्हाळा जवळ आला की इथे श्टुटगार्टमध्ये आमच्या मराठी मित्रमंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: मोटरहोम घेऊन आल्प्सकडे जाताना मागे मोटरसायकल लावून नेता येईल का? येईल. पण ‘इंजिन ओढतंय ना, मग झालं’ हा हिशेब मला अजिबात मान्य नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि याबाबतीत मी आकड्यांवरच विश्वास ठेवतो.

जर्मनीत साध्या बी वर्गाच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते. त्यामुळे बहुतेक मोटरहोम याच मर्यादेत नोंदवलेल्या असतात. कागदावर गाडीचं वजन ३,००० किलो असेल, तर त्यात ड्रायव्हरचे ७५ किलो आणि जवळजवळ भरलेली डिझेलची टाकी धरलेली असते. मात्र प्रत्यक्ष वजन त्याहून ५ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त असायला परवानगी आहे. म्हणजे दीडशे किलोंचा फरक! उरलेल्या पाचशेत बाकीची माणसं, अंथरुणं, खाणंपिणं आणि शंभर लिटर पाणी बसवायचं.

खरी मेख पुढेच आहे. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, म्हणजे आपली बुलेट, भरते १९५ किलो. ती गाडीच्या मागे ज्यावर चढवायची त्या रॅकचे ४५ धरले की झाले २४०. पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ४ मीटर अंतर असेल आणि बुलेट मागच्या ॲक्सलच्या अडीच मीटर मागे असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या ॲक्सलवर २४० नव्हे, तब्बल ३९० किलो वाढतात. वरचे १५० येतात पुढच्या ॲक्सलवरून. युरोपातल्या कितीतरी मोटरहोम फियाट डुकाटोवर बांधलेल्या असतात आणि डुकाटो पुढच्या चाकांवर चालते. ती चाकं हलकी झाली की ओल्या गवतावर ती जागच्या जागी फिरतात, चढावर गाडी उचलत नाही आणि स्टिअरिंगही सैल लागतं. अशी गाडी घाटात नेऊ नये.

ट्रेलरचा पर्याय मला जास्त पटतो. ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर बी लायसन्सवर चालतो आणि गाडीच्या हुकावर त्याचा थोडाच भार येतो. हुकाची मर्यादा बहुधा ७५ ते १०० किलो असते. बुलेट फार मागे बांधली, तर हुकावरचा भार कमी होऊन वेगात ट्रेलर झोकांड्या खातो. खास परवानगी नसेल, तर ऑटोबानवरही ताशी ८० किलोमीटरच्या वर जाता येत नाही.

म्हणून रॅकवर पैसे घालण्याआधी पाणी, सामान आणि घरची सगळी माणसं घेऊन वजनकाट्यावर जा. खडीच्या खाणीत किंवा भंगाराच्या मोठ्या यार्डात काटा असतो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. तिन्ही आकडे रजिस्ट्रेशनच्या कागदाशी ताडून पाहा. मागच्या ॲक्सलला चारशे किलोंची मोकळीक नसेल, तर बुलेट रॅकवर चढवू नका. ट्रेलर घ्या, नाहीतर आल्प्समध्ये पोहोचल्यावर मोटरसायकल भाड्याने घ्या.