पॉलिमर क्ले : भाजणे, रंगवणे आणि काही रूढ गैरसमज

पेण शहर आणि त्याच्या आसपासची हमरापूर, जोहे यांसारखी गावे गणेशमूर्तींसाठी महाराष्ट्रभर ओळखली जातात आणि तेथे मूर्तिकाम हा घराघरांतल्या हातांना सवयीचा व्यवसाय झाला आहे. साहजिकच पेण किंवा शेजारच्या रोहा तालुक्यात कोणी कानातले, लटकन वा शोभेच्या लहान मूर्ती करण्यासाठी पॉलिमर क्लेचे पाकीट उघडले, की शाडू आणि प्लास्टर ऑफ पॅरिस हाताळून आलेले शहाणपण त्या नव्या पदार्थालाही लावले जाते. बहुतेक गैरसमज या उसन्या शहाणपणातून उद्भवतात. कारण हे तिन्ही पदार्थ घट्ट होतात हे खरे असले, तरी प्रत्येकाच्या घट्ट होण्याचे कारण निराळे आहे.

शाडूची मूर्ती भाजली जात नाही. तिच्यातील पाणी उडून गेले की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, मूर्ती थोडी आकसते, आणि पुन्हा पाण्यात ठेवली की तेच कण सुटे होतात. प्लास्टरचे तसे नाही : जिप्सम नावाचे खनिज सुमारे 150 अंश सेल्सिअसला तापवून त्यातील बरेचसे पाणी घालवले की प्लास्टरची पूड मिळते, आणि तिच्यात पाणी मिसळले की रासायनिक क्रियेने पुन्हा जिप्समच तयार होते, जे पाण्यात फार सावकाश विरते. पॉलिमर क्लेमध्ये मात्र माती नाममात्रही नसली तरी चालते. त्याचा मुख्य घटक पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे ज्यापासून नळाचे पाइप बनतात तेच पीव्हीसी. त्याच्या सूक्ष्म कणांत मऊपणा आणणारे तेलकट द्रव्य, ज्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात, तसेच भरणद्रव्ये आणि रंग मिसळलेले असतात. उष्णता मिळाली की हे द्रव्य कणांत शोषले जाते, कण फुगून एकमेकांत मिसळतात आणि थंड झाल्यावर सलग प्लास्टिक उरते.

एवढे लक्षात घेतले, तर ‘कडक उन्हात दोन दिवस ठेवले की वाळते’ हा समज टिकत नाही. या क्लेमध्ये वाळण्याजोगे पाणीच नसते, म्हणून कोकणातील पावसाळी दमट हवेने शाडू वाळायला उशीर होतो तसा परिणाम त्यावर होत नाही आणि उन्हानेही ते पक्के होत नाही. उलट एप्रिल-मेमध्ये बंद मोटारीत किंवा खिडकीतल्या उन्हात राहिलेले कच्चे क्ले अर्धवट कडक होऊन मळताना भुरभुरू लागते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज उष्णतेविषयीचा आहे. मातीची भांडी भट्टीत जितकी तापतात तितकी पक्की होतात, या अनुभवावरून तापमान वाढवून वेळ वाचवण्याचा मोह होतो. परंतु पॉलिमर क्लेसाठी कंपनीनुसार साधारण 110 ते 130 अंश एवढेच तापमान लागते आणि जाडीनुसार अर्धा तास किंवा अधिक वेळ द्यावा लागतो. नेमके आकडे पाकिटावर छापलेले असतात व तेच प्रमाण मानावेत. तापमान कमी पडले तर वस्तू वरून पक्की वाटली तरी वाकवताच तुटते. फार वाढले तर आधी रंग तपकिरी होतो आणि पुढे पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड हा डोळे व घसा चुरचुरवणारा वायू बाहेर पडतो. असा धूर दिसला तर ओव्हन बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि हवा स्वच्छ होईपर्यंत मुलांसह सर्वांनी त्या खोलीतून बाहेर राहावे.

घरगुती ओटीजीच्या बटणावरील आकड्यावर भरवसा ठेवणे हीही चूकच. आतले खरे तापमान त्याहून बरेच वरखाली असू शकते, म्हणून ओव्हनमध्ये ठेवण्याचा स्वतंत्र तापमापक हे या छंदातील सर्वांत उपयोगी साधन ठरते. ओव्हन आधी तापवून घ्यावा, वस्तू साध्या सिरॅमिक टाइलवर मधल्या कप्प्यात ठेवावी आणि तापणाऱ्या कांड्यांची थेट झळ लागू नये म्हणून वर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा सैल तंबू करावा. मायक्रोवेव्ह लहरींवर हे क्ले भाजू नये. कन्व्हेक्शनची सोय असेल तर फक्त ती वापरावी. वाळू घातलेला कुकर किंवा झाकलेला तवा यांत तापमान मोजायचीच सोय नसते.

‘नॉन-टॉक्सिक’ हा शिक्का पाहून भांड्यांना आतून क्ले लावणारेही आढळतात. तो शिक्का सूचनेबरहुकूम केलेल्या हस्तकामापुरता असतो, अन्नाच्या संपर्कासाठी नव्हे. त्यामुळे क्लेसाठी वापरलेले पोळपाट-लाटणे, सुरी व साचे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. ओव्हन सामाईक असेल तर क्ले व अन्न एका वेळी त्यात ठेवू नये आणि नंतर आतली बाजू पुसून घ्यावी. दिवाळीत पणत्या करण्याची हौसही आवरावी, कारण ज्योतीजवळचे तापमान या प्लास्टिकच्या मर्यादेपलीकडचे असते.

रंगकामात शाडूची सवय आणखी फसवते. घरात सापडेल तो रंग चालतो असे समजून नेलपॉलिश किंवा स्प्रेचे वॉर्निश मारले, तर त्यांतील द्रावक प्लॅस्टिसायझरशी मिसळून पृष्ठभाग काही आठवड्यांनी चिकट होतो. पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक रंग आणि तसेच पाण्यात मिसळणारे वॉर्निश सुरक्षित ठरतात. चमक आणणारी अभ्रकाची पूड ब्रशने लावताना मास्क घालावा, आणि वस्तू घासायची असेल तर वॉटर पेपरने पाण्यातच घासावी, म्हणजे प्लास्टिकची धूळ श्वासात जात नाही.

राहिला विसर्जनाचा प्रश्न. क्लेचा छोटा गणपती घरच्या घरी केला म्हणून तो पर्यावरणपूरक ठरत नाही. पेणच्या भोगावतीत काय किंवा रोह्याच्या कुंडलिकेत काय, तो विरघळणार नाही, आणि जाळला तर पुन्हा तोच आम्लवायू निघेल. अशी मूर्ती वर्षानुवर्षे देव्हाऱ्यात किंवा शोकेसमध्ये ठेवण्यापुरतीच करावी. विसर्जनासाठी शाडूची मूर्तीच घ्यावी.